शंभर माणसांचा पत्ता : १४, हेन्रिएटा स्ट्रीट, डब्लिन

अमेरिकेत आज तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयर्लंडमध्ये असल्याचे सांगतात. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले आयरिश वंशज वेगळेच. खुद्द त्या बेटावर मात्र सत्तर लाखांच्या आसपासच माणसे राहतात. १८४५ नंतर बटाट्याचे पीक लागोपाठ कुजले आणि सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली. दहा लाखांहून अधिक लोक जहाजात बसून निघून गेले. नंतरही अनेक पिढ्या हा ओघ थांबला नाही. त्या गेलेल्यांची पतवंडे आता उलट वाटेने आयर्लंडला येतात. कोणाच्या हातात आजीने सांगितलेले एखादे नाव असते, तर कोणाकडे जुन्या पाकिटावरचा पत्ता.

बहुतेकांच्या मनात हिरवे शेत, दगडी झोपडी आणि खेड्यातले चर्च असते. पण खेडी सोडलेली सगळीच माणसे जहाजात बसली नाहीत. पुष्कळ जण आधी डब्लिन शहरात आले आणि तिथल्याच एखाद्या खोलीत त्यांच्या एकदोन पिढ्या गेल्या. अशा घराण्याचा शोध घेताना शेताचा उपयोग होत नाही. गल्ली आणि घर क्रमांक हाती लागावा लागतो. तो कसा लागतो आणि लागल्यावर काय सापडते, हे समजून घ्यायला डब्लिनची हेन्रिएटा स्ट्रीट ही जुनी गल्ली चांगली आहे. आपणा मराठी मुसलमानांना तर तिच्यात ओळखीचे बरेच काही भेटेल.

सरदारांचे वाडे, मग बिऱ्हाडे

लिफी नदीच्या उत्तरेला, चढावर असलेली ही छोटीशी गल्ली. एका टोकाला ती किंग्ज इन्स या वकिलांच्या संस्थेपाशी अडते. १७२० च्या दशकात ल्यूक गार्डिनर या धनाढ्य सावकाराने ती आखली. विटांची उंच घरे, आत रुंद जिने, छतावर चुन्याची नक्षी, संगमरवरी शेकोट्या. इथे लॉर्ड, बिशप, न्यायाधीश राहायला आले. आर्चबिशपांच्या वास्तव्यामुळे लोक या भागाला ‘प्रायमेट्स हिल’ म्हणत. १४ क्रमांकाचे घर १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधले गेले आणि तिथले पहिले रहिवासी होते लॉर्ड रिचर्ड मोल्सवर्थ.

१८०० च्या कायद्याने आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद झाली आणि १८०१ पासून कारभार लंडनला गेला. संसदेसाठी डब्लिनमध्ये राहणारे सरदारही तिकडे निघाले. वाडे ओस पडू लागले. काही वकिलांनी घेतले, काही कचेऱ्यांना गेले. दुष्काळात कर्जबाजारी झालेल्या जमीनदारांच्या इस्टेटी विकण्यासाठी १८४९ मध्ये खास न्यायालय स्थापन झाले. त्याचे कामकाज याच १४ क्रमांकाच्या घरात चाले. ज्या जमिनींवरून कुळे उठली, मेली किंवा परदेशी गेली, त्या जमिनींचे लिलावाचे कागद या घरातल्या टेबलांवरून फिरले. नंतर काही वर्षे घर लष्कराच्या ताब्यात होते.

१८७७ मध्ये थॉमस व्हॅन्स या मालकाने या घराचे एकोणीस गाळे पाडले. अशा घराला तिकडे ‘टेनेमेंट’ म्हणतात. मुंबईची चाळ भाड्यासाठीच बांधलेली असते, म्हणून ती तुलना नीट बसत नाही. पुण्यातल्या सरदारी वाड्यात पुढे दहावीस बिऱ्हाडे भरली, तसा हा प्रकार होता. गल्लीतली आणखी बरीच घरे १८९० च्या सुमारास जोसेफ मीड या कंत्राटदाराने घेतली. तो डब्लिनचा महापौरही झाला. त्याने भव्य जिने उखडून तिथे खोल्या काढल्या आणि शेकोट्या लंडनच्या बाजारात विकल्या.

१९११ च्या जनगणनेत या गल्लीतल्या अवघ्या पंधरा घरांत ८३५ माणसे मोजली गेली. १४ क्रमांकात १७ कुटुंबे, मिळून १०० माणसे. ७ क्रमांकात १९ कुटुंबे आणि १०४ माणसे. त्यात धुणीभांडी करणाऱ्या बायका, मजूर, हमाल, रंगारी, सुतार, शिंपी, एक पोस्टमन, पेन्शनर आणि एक वर्ग भरेल एवढी शाळकरी मुले. मागच्या अंगणात तबेला आणि डुकरांचा गोठाही होता. सगळ्या शहराचीच ही गत होती. सप्टेंबर १९१३ मध्ये चर्च स्ट्रीटवरची अशी दोन घरे कोसळून सात जण मेले. त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीने हिशेब मांडला, तेव्हा डब्लिनची सुमारे २६ हजार कुटुंबे टेनेमेंटमध्ये राहत असल्याचे दिसले. त्यांतली २० हजारांहून अधिक एकाच खोलीत राहत होती.

रकान्यातला एक शब्द

आता शोधाकडे येऊ. समजा, बोस्टनच्या एका बाईंना एवढेच ठाऊक आहे की पणजीचे आडनाव बर्न होते आणि ती डब्लिनची होती. डब्लिनमध्ये बर्न, मर्फी, केली ही आडनावे इतकी आहेत की नुसत्या नावावर शोधायला बसणे म्हणजे मालेगावात ‘अन्सारी’ किंवा मिरजेत ‘शेख’ शोधण्यासारखे. त्यातून एकाच घराण्यात मेरी, ब्रिजेट, पॅट्रिक, जॉन ही नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. नावाला पत्त्याची जोड मिळाल्याशिवाय माणूस सापडत नाही.

पत्ता शोधण्यासाठी पहिला विचार मनात येतो तो थॉम्स डिरेक्टरीचा. हे जाडजूड पुस्तक १८४४ पासून दरवर्षी निघत असे. डब्लिनच्या रस्त्यांवरचे एकेक घर घेऊन त्यात कोण राहतो, काय धंदा करतो, घराचे मूल्यांकन किती, हे त्यात छापलेले असे. वकील आहेत, डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत. पण घराचे टेनेमेंट झाले की नावे थांबतात. घर क्रमांकापुढे एकच शब्द उरतो : ‘टेनेमेंट्स’. शंभर माणसे आणि एक शब्द. डिरेक्टरी छापणाऱ्याचा काही आकस नव्हता. ती विकत घेणाऱ्याला या माणसांशी व्यवहारच करायचा नव्हता, म्हणून त्यांची नावे छापायची गरज कोणाला वाटली नाही.

म्हणून गरिबाचा पत्ता दुसरीकडे शोधावा लागतो. आयर्लंडमध्ये जन्म, मृत्यू आणि सर्व धर्मीयांच्या लग्नांची सरकारी नोंद १८६४ मध्ये सुरू झाली. जन्माच्या नोंदीत बाळ कुठे जन्मले ते लिहावे लागे, आणि शहरात ते ठिकाण म्हणजे घराचा पत्ता. आईचे माहेरचे आडनावही तिथे सापडते. या एका गोष्टीने सारखी नावे वेगळी करता येतात. त्याआधीच्या काळासाठी कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा २०१५ मध्ये सर्वांना फुकट खुल्या केल्या.

एकाच जोडप्याच्या पाच मुलांचे जन्मदाखले काढले, तर कित्येकदा पाच वेगळे पत्ते मिळतात. भाडे थकले की खोली सोडावी लागे. थोडे बरे दिवस आले की जिन्याच्या वरच्या बाजूची उजेडाची खोली घ्यायची, वाईट दिवस आले की तळघरात उतरायचे. हे पत्ते नकाशावर ओळीने मांडले की त्या कुटुंबाची हालहवाल न सांगता कळते.

शेवटचा पत्ता ग्लासनेव्हिनच्या कबरस्तानात मिळतो. १८३२ मध्ये डॅनियल ओ’कॉनेल यांच्या प्रयत्नांतून हे कबरस्तान सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुले झाले. आजवर पंधरा लाख माणसे तिथे पुरली गेली. गरिबांच्या सामाईक कबरींवर दगड नाही, पण दफनाच्या वहीत मृताचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण लिहिलेले आहे.

खोलीच्या आत नेणारा कागद

पत्ता मिळाला की १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे नमुने उघडायचे. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत, आणि रस्त्याच्या नावाने शोधता येतात. कुटुंबप्रमुखाने भरलेला मूळ कागद, त्याच्याच अक्षरात, समोर येतो. लिहिता येत नसेल तर पोलिसाने भरलेला आणि खाली प्रमुखाची फुली. जनगणनेचे काम तिकडे पोलीस करत.

नाव, नाते, धर्म, लिहिता-वाचता येते का, वय, धंदा, जन्माचे ठिकाण, आयरिश भाषा येते का, हे सगळे त्यात आहे. दुसऱ्या एका नमुन्यात घराला खोल्या किती, समोरून खिडक्या किती आणि प्रत्येक कुटुंबाकडे किती खोल्या, हे लिहिलेले असते. १९११ मध्ये लग्न झालेल्या बाईसाठी तीन नवे रकाने आले : लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली, आज किती हयात आहेत. शोध घेणारे इथे थबकतात. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या घरातून उचललेल्या लहान तिरड्या. घरात ज्यांचा कधी उल्लेखही झाला नव्हता, अशी आजीची भावंडे या वजाबाकीत सापडतात.

जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा डब्लिन किंवा दुसऱ्या एखाद्या काउंटीचे नाव असते. तिथून शोध पुन्हा खेड्याकडे वळतो. पण काही नमुन्यांत तिथे ‘इंडिया’ लिहिलेले आढळते. डब्लिनच्या गरीब वस्त्यांतून सैन्यात जाणारे पुष्कळ होते, आणि ज्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये ते भरती होत, तिची एक बटालियन मूळची मुंबईची. पोर्तुगीजांकडून आंदण मिळालेले मुंबई बेट ताब्यात घ्यायला इंग्लंडच्या राजाने जे शिपाई धाडले, त्यांच्यापासून ही पलटण आपला इतिहास मोजत असे. १६६८ मध्ये बेट कंपनीकडे आले, तेव्हा शिपाईही कंपनीचे झाले. पुढे ती रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये मद्रासच्या पलटणीशी जोडून तिला डब्लिनचे नाव मिळाले. त्यामुळे एखाद्या डब्लिनकराचा शोध मुंबई, पुणे, खडकीच्या लष्करी चर्चपर्यंत येऊ शकतो. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती कंपनीकडे लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

जळालेले कागद आणि म्हाताऱ्यांचा अर्ज

वाचकांच्या मनात येईल, १९०१ च्या आधीची जनगणना नव्हती का? होती. १८२१ पासून दर दहा वर्षांनी झाली. पण १८६१ आणि १८७१ चे नमुने सरकारनेच आकडेमोड संपल्यावर नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगद्यात गेले. १८२१ ते १८५१ चे चार जथे डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या सार्वजनिक अभिलेखागारात होते. जून १९२२ मध्ये यादवी युद्ध पेटले. फोर कोर्ट्समध्ये ठाण मांडलेल्या बंडखोरांवर नव्या सरकारने तोफा डागल्या आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन अभिलेखागार पेटले. सात शतकांचे कागद गेले. अर्धवट जळालेले कपटे वाऱ्याने कित्येक मैलांवर जाऊन पडले. हेन्रिएटा स्ट्रीट तिथून फार लांब नाही.

या आगीतून थोडे वाचले ते का वाचले, ते ऐकण्यासारखे आहे. १९०८ मध्ये ब्रिटिश संसदेने वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला आणि १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. सत्तरी सिद्ध कशी करायची? जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. म्हणजे पात्र असलेल्या एकाही म्हाताऱ्याकडे सरकारी जन्मदाखला असणे शक्यच नव्हते. कागद मागणाऱ्या सरकारनेच त्यांच्या जन्माच्या वेळी कागद दिला नव्हता.

मग लोकांनी आठवण पुढे केली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आले होते. ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई. ती रात्र आठवते म्हणजे माणूस सत्तरीच्या पुढचाच. आपल्याकडे नाही का, वय विचारले की ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी कडेवर होतो’, ‘पानशेत फुटले तेव्हा पाळण्यात होते’ असे सांगतात, तसेच.

दुसरी वाट १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची. अर्जदाराने आईबापाचे नाव आणि त्या काळी घर कुठे होते तो पत्ता लिहून द्यायचा. अभिलेखागारातले कारकून मूळ कागद शोधून त्या कुटुंबाची नोंद फॉर्मवर उतरवत. १९२२ मध्ये मूळ कागद जळाले, पण पेन्शनच्या अर्जासोबतचे हे शोधफॉर्म वेगळे राहिले आणि टिकले. आज त्यांवरून दुष्काळाआधीच्या हजारो कुटुंबांची नावे कळतात. राजदरबारचे करारनामे जळाले आणि पाच शिलिंगांसाठी केलेले अर्ज उरले. अलीकडे आयर्लंडमधल्या संशोधकांनी जगभरातल्या ग्रंथालयांतून जळालेल्या कागदांच्या प्रती गोळा करून २०२२ मध्ये, आगीच्या शताब्दीला, एक डिजिटल संग्रह खुला केला. त्यामागचा विचारही तोच आहे : एका जागचा कागद गेला तरी त्याची नक्कल कुठे तरी असते, ती कोणी आणि कशासाठी केली असेल याचा तर्क लढवायचा.

आपला रकाना

आपल्यातल्या सय्यद, पीरजादे, इनामदार घराण्यांकडे शजरा असतो, सनदा असतात. बागवान, तांबोळी, पिंजारी, मणियार, अत्तार यांच्याकडे तो क्वचितच. आणि दाखल्याची गरज नेमकी यांनाच पडते. ओबीसीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला काढला, तर कित्येकांच्या जातीच्या रकान्यात एकच शब्द सापडतो : ‘मुसलमान’. गुरुजींनी एका शब्दात काम भागवले. डब्लिनच्या डिरेक्टरीतला ‘टेनेमेंट्स’ वाचताना मला हाच रकाना आठवत होता. पिंजाऱ्याची कमान, तांबोळ्याची टोपली, मणियाराच्या बांगड्या, सगळे त्या शब्दाखाली झाकले गेले.

पण डब्लिनची गल्ली हेही सांगते की एका वहीत गाडलेले नाव दुसऱ्या वहीत जिवंत असते. शाळेत ‘मुसलमान’ लिहिले असेल, तर गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदीपुढे ‘पिंजारी’ लिहिलेले निघू शकते. मिळकत पत्रिका, जुनी खरेदीखते, भाडेपावत्या, निकाहची वही, कबरस्तानची दफननोंद, कुठे काय लिहिले असेल सांगता येत नाही. तिथे पोचायला आधी जागा ठाऊक हवी : आजोबांचे वडील कोणत्या मोहल्ल्यात, कोणाच्या वाड्यात, कोणत्या मशिदीच्या मागे राहत होते. हे अजून घरातल्या म्हाताऱ्यांना आठवते. ते विचारून लिहून ठेवायला हवे, आणि तेही आज.

१४ हेन्रिएटा स्ट्रीटमधली शेवटची बिऱ्हाडे १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघाली. घर पडायला आले होते. डब्लिन महापालिकेने दहा वर्षे खपून ते सावरले आणि २०१८ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. सरदारांच्या काळची नक्षी तर जपलीच, पण जिन्याच्या भिंतींवर भाडेकरूंच्या काळी दिलेला गेरूसारखा लाल आणि कपड्यांच्या निळीचा निळा रंगही तसाच ठेवला. तिथे एकेकाळी राहिलेल्या लोकांना बोलावून त्यांच्या आठवणी नोंदवून घेतल्या. आता परदेशातून आलेल्या वंशजाला तिथे पणजीचे तैलचित्र बघायला मिळत नाही. तिने रोज चढलेला जिना मात्र मिळतो, आणि तिचे नाव असलेला एक नमुना, ज्याच्या खाली तिच्या नवऱ्याने कदाचित फुली मारलेली असते. एवढ्यावर लोक हजारो मैलांवरून येतात आणि समाधानाने परत जातात.